जळालेला पत्रा आखडतो, गंजलेला विरतो

इंजिनजवळ आग लागलेली जुनी पद्मिनी किंवा मारुती ८०० गॅरेजात आली की पहिला प्रश्न ठरलेला: खड्डे भरायला पुट्टी किती लागेल? पुट्टीचा विचार खरं तर सगळ्यांत शेवटी करायचा असतो. त्याआधी कुठला पत्रा आगीने बिघडला आणि कुठला गंजाने, हे पाहायला हवं. दिसायला दोन्ही सारखेच, तपकिरी-काळे, रंग उडालेले. उपाय मात्र उलटे आहेत. गंजाने पत्रा जुन्या धोतरासारखा विरतो, त्याला नवा तुकडा लावावा लागतो. आगीने पत्रा बहुधा आखडतो, त्याला ताणावं लागतं. आखडलेल्या पत्र्याला ‘फुगलाय’ समजून गॅसने लाल करून पाणी मारलं की तो आणखी आखडतो, आणि मग खरोखरच पुट्टीशिवाय काही उरत नाही.

हात लावण्याआधीची काही कामं. विमा असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीही खोलू नका, आणि अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा दाखला मागून घ्या. बॅटरीची वायर काढा. गाडीला सीएनजी किट असेल आणि सिलिंडर आगीत सापडला असेल तर तो कायमचा बाद. वरून रंग मारून तो पुन्हा बसवणाऱ्यांच्या नादाला लागू नये. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी वेल्डिंगच्या आधी उतरवायची. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक असते. बॉनेटखालचं किंवा सायलेन्सरजवळचं जुनं राखाडी तंतूमय अस्तर ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते ओलं करून सोलायचं, ग्राइंडर लावायचा नाही. ऑइल सील जळून काळा चिकट गोळा झाला असेल तर त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. काही सीलचं रबर जळताना हायड्रोफ्लोरिक ॲसिड सोडतं.

मग धुणं. लोकांना वाटतं काजळी राहिली तर काय बिघडतं, रंगाखाली जाईल. पण वायरवरचं पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते आणि ती थंड पत्र्यावर बसते. त्यातून आलेला क्लोराइड पत्र्यावर राहिला की रंगाखाली गंज चालूच राहतो. विझवायला एबीसी पावडर वापरली असेल तर तीही ओली झाल्यावर आम्लधर्मी होते. म्हणून पावडर आधी कोरडीच व्हॅक्युमने ओढायची, पाणी नंतर. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम खायचा सोडा घालून ब्रशने घासायचं, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचं आणि कॉम्प्रेसरच्या हवेने सांधे, घड्या, बिजागऱ्या सुकवायच्या. आपल्याकडे ठाणे परिसरात खाडीची हवा आहे. उघडा पत्रा पावसाळ्यात सकाळी चकचकीत केला तर संध्याकाळपर्यंत त्यावर नारिंगी झाक चढते. मोठं पत्राकाम नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढावं ते याचसाठी.

आग किती तापली होती?

थर्मामीटर गाडीतच असतो. बॅटरीचा डबा पॉलिप्रॉपिलीनचा, तो साधारण १६० अंशांना वितळतो. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला कार्ब्युरेटर ३८०-३९० अंशांना ओघळतो. ॲल्युमिनियमचं ओतीव झाकण बसलं असेल तर तिथे ६०० च्या आसपास गेलं होतं असं समजायचं. नुसती बॅटरी वितळली आणि कार्ब्युरेटर शाबूत असेल तर पत्रा बहुतेक वाचलाय, रंग आणि सीलर तेवढे गेलेत. ॲल्युमिनियम ओघळलं असेल तर त्या वरच्या बॉनेटची आशा फार धरू नये.

राख पुसल्यावर उघड्या पत्र्याचे रंगही बोलतात. गवती पिवळा म्हणजे २३० च्या आसपास, निळा म्हणजे ३०० च्या आसपास, आणि राखाडी पापुद्रा सुटत असेल तर बरंच वर. पापुद्रा सुटला की तेवढं लोखंड गेलं. कॅलिपर लावता येत असेल तिथे जाडी मोजा. मूळ ०.८ मिमीच्या पत्र्याची ०.६ च्या खाली उतरली असेल तर तो भाग कापायचाच.

आणखी एक परीक्षा कानशीची. न जळलेल्या कोपऱ्यावर आणि जळलेल्या मध्यभागी सारख्याच जोराने कानस ओढायची. जळलेल्या भागात ती लोण्यात शिरावी तशी शिरली तर पत्रा मऊ पडलाय. प्रेसमध्ये दाबला जाताना पत्र्याला आलेला कडकपणा ६००-७०० अंशांना निघून जातो आणि गार झाल्यावर परत येत नाही. असा पत्रा बसवता येतो, पण कोणी कोपर टेकलं तरी खड्डा पडेल, हे मालकाला आधीच सांगून ठेवावं.

हे सगळं बॉनेट, मडगार्ड, दारं यांच्यापुरतं. पिलर, चॅसिसचे मेंबर, स्प्रिंग बसते तो एप्रनचा (चाकावरच्या आतल्या पत्र्याचा) भाग इतका तापला असेल तर ठोकून सरळ करणं हा उपाय नव्हे, भाग बदलावा लागतो. स्प्रिंगचं टेंपरही उतरलेलं असू शकतं. जुन्या गाड्यांचा पत्रा साधा सौम्य पोलाद असतो म्हणून त्याला थोडी उष्णता चालते. अलीकडच्या गाड्यांच्या पिलरमधल्या बोरॉन पोलादाला हे नियम लावू नका.

आखडलेला पत्रा कसा ताणायचा

पोलादाचा १ मीटर पत्रा ५०० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिमी वाढायला बघतो. बॉनेटचा मध्य तापतो, पण कडेची घडी आणि आतली फ्रेम त्या मानाने थंड आणि ताठ असतात. वाढायला जागा नाही, पत्रा तर तापून मऊ झालेला, म्हणून तो तिथल्या तिथे दबून जाड होतो किंवा लाट घेतो. गार होताना मात्र पूर्ण ६ मिमी आकसतो. आता मधला भाग मूळ मापापेक्षा लहान झाला. तो शेजारचा पत्रा ओढून धरतो आणि शेजारी फुगवटा येतो. अंगठ्याने दाबला की टपकन आत, सोडला की टपकन बाहेर, डब्याच्या झाकणासारखा. बघणाऱ्याला वाटतं फुगवट्यात पत्रा जास्त झालाय. जास्त कुठेच झालेला नसतो, बाजूला कमी पडलेला असतो.

ओळखायचं कसं? न जळलेल्या तशाच गाडीच्या बॉनेटवर पुठ्ठा धरून त्याचा बाक कापून घ्यायचा. तो फर्मा इकडे फिरवला की कुठे उजेड दिसतो आणि कुठे टेकतो ते कळतं. पूर्ण पत्र्यावर मार्करची निळी शाई फासून लाकडी फळीला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून हलका हात फिरवला तर उंच जागा चमकतात, खोल जागा निळ्या राहतात. फुगवट्याच्या शेजारी जी निळी, ताठ, दाबली न जाणारी पट्टी दिसते, चोर तिथे आहे.

त्या पट्टीखाली डॉली, म्हणजे हातात मावणारा पोलादी ठोकळा, घट्ट धरायची आणि वरून ३००-४०० ग्रॅमच्या सपाट तोंडाच्या हातोडीने अगदी हलके, एकमेकांशेजारी ठोके द्यायचे. हातोडी बरोबर डॉलीवर पडली की ‘टण्’ असा कोरडा आवाज येतो, डॉली सरकली असेल तर ‘धप्’. ‘धप्’ आला की थांबायचं, कारण तो ठोका पत्रा ताणत नाही, खड्डा पाडतो. २०-२५ ठोके झाले की शेजारचा फुगवटा अंगठ्याने दाबून पाहायचा. टपटप हळूहळू मंदावते आणि एका क्षणी बंद होते. आगीत मऊ पडलेला पत्रा भराभर ताणतो, म्हणून नेहमीच्या निम्म्या जोराने काम करा. आणि गडबड करू नका.

जास्त ताणला गेला तरच गॅस. १०-१२ मिमीचा ठिपका मंद लाल होईपर्यंत तापवायचा, खाली डॉली टेकवून भोवताली दोन-चार ठोके आणि मग ओलं फडकं. एका जागी एकच ठिपका, पूर्ण गार झाल्यावर पुढचा. ओळीने पाच-सहा ठिपके मारणारा डेंटर आगीचंच काम पुढे चालवत असतो.

बॉनेटची आतली फ्रेम आणि वरचा पत्रा यांच्यामधले डिंकाचे गोळे आगीत जळून जातात. ते परत घातले नाहीत तर रंग कितीही सुरेख लागो, घोडबंदर रोडवर ८० च्या वेगाला बॉनेट थरथरतं. दर ८०-१०० मिमीवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा १५-२० मिमीचा गोळा पुरतो. खच्चून भरलात तर सुकताना तो पत्रा ओढतो आणि वरून ठिपके उमटतात. कडेच्या घडीतली राख धुऊन, गरम हवेने सुकवून, आत पातळ इपॉक्सी प्रायमर ओढून घेऊ द्यायचा आणि मग सीलरने घडी बंद करायची.

सगळंच बॉनेट लाटालाटांचं झालं असेल तर मात्र वेळ घालवू नये. मारुती ८०० चं जुनं बॉनेट किंवा मडगार्ड कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारात शोधता येतं. पद्मिनीचं चांगलं मिळणं अवघड, म्हणून तिथे दुरुस्तीवर कष्ट घ्यावेत. जुना भाग घेताना लोहचुंबक खिशात असू द्या. चुंबक जिथे धरत नाही, तिथे तुम्ही पत्रा नव्हे, कोणाची तरी पुट्टी विकत घेताय.

गंज: कुठवर घासायचं, कुठून कापायचं

आपल्याकडे गंज ठरलेल्या ठिकाणी लागतो. काचेखालचा कप्पा, जिथे गुलमोहराचा पाला साचतो. बॅटरीची ट्रे. मॅटखालचा फ्लोअर. दाराची खालची कड. मडगार्डची मागची खालची बाजू, जिथे चिखल घट्ट बसतो. डिकीतला स्टेपनीचा खड्डा. टोच्याने टोचून बघा. टोच्या आत गेला किंवा कुरकुर आवाज करत पापुद्रा निघाला तर घासून उपयोग नाही. नुसता वरवरचा असेल तर वायर ब्रश आणि ८० नंबरचा पेपर, मग १०-१५ टक्के फॉस्फरिक ॲसिड, १५-२० मिनिटं, मधे सुकू न देता. नंतर भरपूर पाणी, गरम हवा, आणि त्याच दिवशी इपॉक्सी. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट पकडत नाही आणि नखाने सोलून निघतो. गंज काळा करणारं कन्व्हर्टर खड्ड्यांतल्या उरल्यासुरल्या गंजासाठी ठीक. स्वच्छ पोलादावर त्याचं काही काम नाही.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, क्लॅम्प अशा छोट्या वस्तूंना उसाची मळी फार छान. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या बादलीत आठवडा ते तीन आठवडे. मळी पशुखाद्याच्या दुकानात विचारा. गंज निघतो, लोखंड जवळपास राहतं. वास मात्र असा सुटतो की सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा उद्योग करू नका. त्यात ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग टाकू नयेत, ते खाल्ले जातात.

सँडब्लास्टिंगचा मोह होतो, कारण रबाळे, तुर्भे, वागळे इस्टेटमध्ये ब्लास्टिंगची सोय आहे. पण जड स्ट्रक्चरवर चालतो तो १०० पीएसआयचा मारा बॉनेटवर केला तर दोन मिनिटांत त्याचा पापड होतो. पत्र्यासाठी ३०-४० पीएसआय, बारीक गार्नेट, नोझल तिरका, आणि तेही फ्रेमवर आणि कोपऱ्यांत. सपाट भाग हातानेच.

कापायचं तेव्हा कंजुषी नको. दिसणाऱ्या गंजाच्या २५ मिमी पलीकडे, पांढरा चकचकीत पत्रा लागेपर्यंत. भोक चौकोनी असलं तरी कोपरे १०-१५ मिमीच्या गोलाईचे ठेवा, टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. तुकडा २० गेजच्या सीआरसीए (साध्या, जस्त न चढवलेल्या) पत्र्याचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी. जीआय पत्रा घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून पांढरा धूर होतो, फुप्फुसाला आणि सांध्यालाही वाईट. ८ बाय ४ फुटांची शीट सुमारे २१ किलोची भरते. एका गाडीच्या फ्लोअरला आणि किरकोळ तुकड्यांना ती पुरून उरते. रनिंग बोर्डच्या, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीच्या, आतल्या भागासाठी १८ गेज घ्या.

तुकडा आणि गाडी यांच्यात पत्र्याच्या जाडीइतकी, ०.८-१ मिमीची फट ठेवायची. सीओटू मशीनला (वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग) ०.८ मिमीची वायर. नुसत्या सीओटूपेक्षा ८०:२० आर्गॉन मिश्रण घेतलं तर शिंतोडे कमी आणि पत्रा जळतही कमी, मिनिटाला ८-१० लिटर पुरे. साधी काडीची आर्क इथे भोकं पाडते. २५-३० मिमीवर टाके घ्यायचे: एक इकडे, पुढचा पार समोरच्या बाजूला, मग मधोमध. टाक्यावर हात ठेवता आला पाहिजे, तेव्हाच पुढचा. एका टाक्यामागे लगेच दुसरा मारणाऱ्याच्या हाताखाली तुकडा डोळ्यांदेखत वाकतो, कडेची फट मिटते, एक टोक वर चढतं. इथेही तीच गोष्ट चाललेली असते. टाका गार होताना आकसतो आणि पत्रा ओढतो. म्हणून बीड, म्हणजे वेल्डिंगची उंच रेघ, ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणली की तिच्यावर डॉली-हातोडीने तेच हलके ठोके द्यायचे. बरेच डेंटर हे करत नाहीत, आणि वेल्डिंगच्या कडेने लांब खोलगट वळ राहतो तो पुट्टीने भरतात.

जुने कारागीर गॅसने जोडतात. त्याने पत्रा जास्त रुंदीत तापतो खरा, पण बीड मऊ राहते आणि हातोडीला ऐकते. जाणत्या हातातला गॅस नवशिक्याच्या सीओटूपेक्षा बरा. पितळेचा जोड मात्र वजन पेलणाऱ्या भागावर नको, आणि इतर ठिकाणी केला तर फ्लक्स गरम पाण्याने घासून काढल्याशिवाय रंग नको.

रनिंग बोर्ड कापताना गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) समतल ठेवून, दाराच्या चौकटीत आडवी पाइप टाक्यांनी बांधून, एका वेळी एकच बाजू. हे न करता कापलं तर दार परत कधी सरळ लागत नाही.

प्रायमर, पुट्टी आणि पावसाळा

पुट्टी, म्हणजे आपल्या पेंटरची लांबी, पोलादावर थेट किंवा रेड ऑक्साइडवर लावू नका. रेड ऑक्साइडला पुट्टीतलं स्टायरीन मऊ करतं. आधी इपॉक्सीचे दोन हात, डब्यावरच्या प्रमाणात, रात्रभर वाळवून. मग वर पुट्टी. १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर. मे महिन्याच्या उकाड्यात ती तीन-चार मिनिटांत आवळते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. ‘लवकर वाळावी’ म्हणून हार्डनर जास्त टाकला तर तो महिन्याभराने पांढऱ्या रंगातून तांबूस-पिवळा डाग होऊन वर येतो. जाडी २-३ मिमीच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर ठोकाठोकीचं काम अर्धवट राहिलंय.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. पुट्टी पाणपेपरने घासणं. धूळ उडत नाही, हात छान चालतो, म्हणून सगळीकडे हेच चालतं. पण पुट्टीत टाल्क असतं आणि ती पाणी शोषते. वर प्रायमर आणि रंग चढला की ते पाणी आत अडकतं, आणि पहिल्या कडक उन्हात फोड येतात. फोड फोडून बघा, खाली ओलसर नारिंगी पत्रा दिसेल. पुट्टी कोरडीच घासायची, ८०, १२०, १८०, लांब फळीवर, मास्क लावून. पाणपेपर नंतर, प्रायमर सर्फेसरवर.

रंगाबद्दल फार नाही. पीयू रंगातलं आयसोसायनेट साध्या कापडी मास्कने अडत नाही, तो बूथमध्ये, हवेच्या नळीच्या मास्कनेच मारावा. दमट दिवशी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर पांढरट झाक येते. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, गाडी एमएच ०४ ची असो की एमएच ४३ ची. १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं पासिंग जवळ आलं असेल तर ते आधी लक्षात घ्या.

आतून जे लावायचं ते सगळ्यांत शेवटी: सांध्यांवर पीयू सीलर, पोकळ भागांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स. जळकं ऑइल मारू नका, रबर फुगतं. गंजावर थेट डांबरी अंडरकोट तर मुळीच नको. वरून काळं, टणक, देखणं दिसतं आणि खाली ओल अडकून पत्रा शांतपणे खाल्ला जातो.

बॉनेटखालची प्रत्येक रबरी नळी बदला, शाबूत दिसली तरी. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, आणि आग बहुधा अशाच एखाद्या तडकलेल्या नळीतून सुरू झालेली असते. वायरिंगला टेप गुंडाळून भागवू नका, हार्नेस नवीन घ्या.

गाडी द्यायच्या आधी काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. ते दोन्ही बाजूंनी, मडगार्डच्या मागून, सारखंच गळायला हवं. एकाच बाजूने आलं तर दुसरीकडचं भोक सीलरने बुजलंय. ६ मिमीचं ड्रिल हातानेच फिरवून मोकळं करा, उघड्या कडेला ब्रशने इपॉक्सी लावा आणि पुन्हा पाणी ओतून बघा.